किती वेळानं दुखतं?

पुढचा घटनाक्रम कुण्या एका रुग्णाचा नाही. सीपीटी-२ या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या तरुणांमध्ये जे घडतं, ज्या क्रमानं घडतं आणि समोर दिसत असूनही ज्या कारणांनी कुणाच्या लक्षात येत नाही, ते एका कल्पित मुलाच्या नवरात्रात ओवलं आहे. मुलगा एकवीस वर्षांचा, सोलापूर-धाराशिव पट्ट्यातल्या एका गावचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. तास मोजले आहेत ते त्याचं हृदय थांबलं तिथून उलटे.

३६ तास आधी : सर्वपित्री अमावस्या, दुपारी १

पितरांचं जेवण. खीर, वडे, गवार-भोपळ्याची भाजी, कढी-भात. टेम्पो सजवायचा राहिलाय म्हणून पोरगा अर्ध्या ताटावरून उठला. आता उद्या घट बसल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, चहासुद्धा नाही, असं तो देवीला बोललाय. आईला त्याचं कौतुकच वाटलं.

उपासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी चापणाऱ्यांची आपण थट्टा करतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि या मुलाच्या स्नायूंना त्या रात्री नेमका तोच हवा होता. त्याला धोका होता तो कडकडीत, निरंकार उपासाचा.

२७ तास आधी : तुळजापूर, रात्री १०

घटस्थापनेच्या आधी तुळजापूरचे रस्ते पोरांनी फुललेले असतात. भवानीच्या देवळातून ज्योत पेटवून घ्यायची आणि आळीपाळीनं पळत, अनवाणी, आपल्या गावच्या देवीपर्यंत न्यायची. मागं टेम्पो, टेम्पोवर भोंगा, तोंडात शिट्टी, 'आई राजा उदो उदो'चा गजर. मंडळातली चार पोरं ऐन वेळी आली नाहीत, त्यामुळे उरलेल्यांच्या पाळ्या लांबल्या. हा तर गावातला सगळ्यात चपळ गडी. शंभर मीटरला त्याच्या पुढं कुणी जात नाही, गोळाफेकीत पैकीच्या पैकी, सोळाशे मीटरलाही दमदार. "तू घे रं अजून एक टप्पा," म्हटलं की हा घेतो.

अशा मुलाला स्नायूंचा आजार असेल, हे कुणाच्या मनात यायचं? स्नायूंचा आजार म्हटलं की आपल्याला आठवतं ते डुलत चालणारं, गुडघ्यावर हात टेकत उठणारं मूल. पण स्नायूंच्या ऊर्जेत खोट असलेल्या या आजारांत दंड-मांड्या पिळदार असू शकतात आणि डॉक्टरांनी ताकद तपासली तर ती पूर्ण भरते. पळण्याचे पहिले काही सेकंद स्नायू आपल्यातल्या तयार एटीपीवर आणि क्रिएटिन फॉस्फेटवर काढतो. पुढची मिनिटं तो स्वतःत साठवलेलं ग्लायकोजेन फोडून चालवतो. या मुलात हे दोन्ही धडधाकट होतं. म्हणूनच भरतीच्या मैदानावरची एकही कसोटी त्याला अडवू शकली नसती. शंभर मीटर सेकंदांत संपतात आणि सोळाशे मीटर पाच-सहा मिनिटांत.

साडेपंचवीस तास आधी : रात्री ११.३०

दीड तास झाला. मांड्या भरून आल्या. पोटऱ्या लाकडासारख्या लागायला लागल्या. मित्र म्हणाला, "पळत ऱ्हा, मोकळ्या हुतील."

पोटात दुपारनंतर काही नाही. यकृतातला साखरेचा साठा उतरणीला लागलेला, स्नायूंतलं ग्लायकोजेनही संपत आलेलं. अशा वेळी निरोगी शरीर चरबीवर जातं. चरबीतली लांब साखळीची आम्लं पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात जाळली जातात, पण ती आपली आपण आत शिरू शकत नाहीत. बाहेरच्या पडद्यावर सीपीटी-१ त्यांना कार्निटिनशी जोडतं. आतल्या पडद्यावर सीपीटी-२ ती जोडणी सोडवतं आणि आम्लं ज्वलनाच्या हवाली करतं. या मुलाच्या स्नायूंत सीपीटी-२ आहे, पण अपुरं आणि नाजूक. एरवी भागतं. उपाशीपोटी लांब पळालं, थंडी वाजली, ताप आला, की भागत नाही.

इथं ब्रायन मॅकआर्डल यांची आठवण काढायलाच हवी. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या या डॉक्टरांनी १९५१ मध्ये तीस वर्षांच्या एका माणसाची हकीकत छापली. लहानपणापासून त्याला थोडेसे श्रम झाले की स्नायू दुखायचे, आखडायचे. मॅकआर्डल यांनी त्याच्या दंडावर पट्टा आवळून रक्त अडवलं, हाताला व्यायाम करायला लावला आणि त्याच हाताच्या शिरेतलं रक्त तपासलं. निरोगी माणसात असं केलं की लॅक्टेट झपाट्यानं चढतं. याच्यात ते चढलंच नाही. याचा अर्थ स्नायूला ग्लायकोजेन फोडताच येत नव्हतं. कमी आहे ते एन्झाइम स्नायूतलं फॉस्फोरिलेज, हे कळायला १९५९ साल उजाडलं.

मॅकआर्डल आजाराच्या माणसाला दुखतं ते सुरुवातीलाच. बसथांब्याकडे धावताना, दुसऱ्या मजल्याचा जिना चढताना, जड पिशवी उचलताना. आणि गंमत म्हणजे तो जरा सावकाश होऊन चालत राहिला, तर आठ-दहा मिनिटांत रक्तातून साखर आणि चरबी पोचते आणि चाल अचानक हलकी होते. पुष्कळ रुग्ण हे लहानपणीच शिकलेले असतात; कुणी विचारत नाही म्हणून सांगत नाहीत. आपल्या मुलाचं बरोब्बर उलटं. सुरुवातीला तो हरणासारखा, आणि दुखणं तासाभरानं.

किती वेळानं दुखतं, हा एक प्रश्न या दोन आजारांना वेगळं काढतो. त्याला यंत्र लागत नाही, तालुक्याची लॅब लागत नाही. माझं मत विचाराल तर स्नायूंच्या दुखण्याचा प्रत्येक केसपेपर याच प्रश्नानं सुरू व्हावा.

या मुलाला तो विचारण्याची संधी दोनदा येऊन गेली होती. चौदाव्या वर्षी अंगात ताप असताना शाळेच्या सहलीत किल्ला चढला. उतरल्यावर पाय धरले आणि लघवी लाल झाली. 'उन्हाळी लागली' म्हणून आजीनं सब्जाचं पाणी दिलं, दोन दिवसांत उतरलं. गेल्या वर्षी श्रावणी सोमवारचा उपास धरून दहा किलोमीटर पळाला, चार दिवस जिना उतरता येईना. त्या वेळी डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या.

२३ तास आधी : रात्री २

पाऊस आला. ओल्या बनियनवर वारा. कुडकुडणं हेसुद्धा स्नायूंचंच काम, आणि तेही ऊर्जा मागतं. एव्हाना मांडीतल्या पेशींत एटीपी इतका घटला होता की कॅल्शियम उपसून जागच्या जागी ठेवणारी यंत्रणा थांबली. कॅल्शियम पेशीत साचलं, पेशीची स्वतःची पाचक द्रव्यं चाळवली आणि पेशीचा पडदा फाटला. आतलं सगळं रक्तात उतरू लागलं : मायोग्लोबिन, सीपीके हे स्नायूतलं एन्झाइम, फॉस्फेट आणि पोटॅशियम. शरीरातलं बहुतांश पोटॅशियम स्नायूंतच असतं, हे पुढच्या रात्रीसाठी लक्षात असू द्या.

तो आणखी दोन टप्पे पळाला.

१९ तास आधी : घटस्थापना, पहाटे ६

पहाटे चारपासून त्याला टेम्पोत घातलं होतं. सहा वाजता वेशीजवळ टेम्पो थांबला, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो बाभळीआड गेला. लघवी कोऱ्या चहासारखी. सोबतचा म्हणाला, "कावीळ झालीय लेका तुला."

त्या रंगाचं नाव मायोग्लोबिन. स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणारं हे प्रथिन रक्तात आलं की मूत्रपिंडातून गाळलं जातं आणि तिथल्या सूक्ष्म नळ्यांत चिकटून बसतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते तेव्हा ढिगाऱ्याखाली तासन्‌तास हात-पाय दबलेली माणसं जिवंत बाहेर निघायची, बोलायची, आणि काही दिवसांत लघवी बंद पडून दगावायची. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी १९४१ मध्ये त्याची नोंद केली. चिरडलेला स्नायू मूत्रपिंड बंद पाडतो, हे तेव्हापासून वैद्यकाला ठाऊक आहे. या पोराच्या अंगावर भिंत पडली नव्हती, एवढाच फरक.

हा रंग फार वेळ टिकत नाही. मायोग्लोबिन रक्तातून काही तासांत निघून जातं, एखाद्या दिवसात लघवी स्वच्छ होते आणि माणूस डॉक्टरकडे जाईपर्यंत पुरावा गेलेला असतो. सीपीके मात्र तिसऱ्या दिवसापर्यंत चढत राहतं. म्हणून 'परवा लघवी काळी झाली होती' असं कुणी म्हणालं, तरी ती तक्रार आजची समजून रक्त तपासावं.

साडेपंधरा तास आधी : सकाळी ९.३०

घट बसला. त्यानं दोन घास खाल्ले, ते मळमळून बाहेर आले. आई त्याला गावातल्या दवाखान्यात घेऊन गेली.

"डॉक्टर, रात्रभर पळालाय, अंग धरलंय त्याचं. लघवी पण लाल हुतीया."

डॉक्टरांनी डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं. "काविळीची सुरुवात वाटते. रक्त-लघवी तपासायला पाठवतो. ठणक्यासाठी एक सुई देतो."

सुई डायक्लोफिनॅकची. ग्रामीण महाराष्ट्रात अंगदुखीवर हीच पहिली. पण ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवते, आणि त्या सकाळी त्याच्या मूत्रपिंडाला रक्ताची जितकी गरज होती तितकी आयुष्यात कधी नव्हती. डॉक्टरांनी शिस्त सोडली असं म्हणता येणार नाही. दिवसाला साठ रुग्ण पाहणारा माणूस जे नेहमी दिसतं तेच पाहतो. टेबलावर लघवी तपासायच्या पट्ट्यांची डबी मात्र हवी होती.

१२ तास आधी : दुपारी १

लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला. बिलिरुबिन ०.९. एसजीओटी २,८६०. एसजीपीटी ६४०. लघवीत पट्टीवर 'रक्त, तीन अधिक'. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी शून्य ते एक.

निदान याच कागदावर होतं. पट्टीला रक्त दिसतं आणि सूक्ष्मदर्शकाला रक्तपेशी दिसत नाहीत, याचं कारण पट्टी हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन यांच्यात फरक करत नाही. या दोन ओळी एकमेकींशेजारी छापलेल्या असतात, पण वाचल्या जातात वेगवेगळ्या. पुढचे आकडे 'लिव्हरचे' म्हणून ओळखले जातात. पण एसजीओटी आणि एसजीपीटी स्नायूतही असतात. स्नायू फुटला तरी ते वाढतात, आणि अशा वेळी बहुधा एसजीओटी पुढं असतं. यकृत की स्नायू, अशी शंका असेल तर जीजीटी आणि सीपीके करायचं. जीजीटी स्नायूतून येत नाही. आणि शंका यायला एवढंच पुरे होतं की बिलिरुबिन नॉर्मल असताना लघवी काळी कशामुळे?

स्नायूंच्या आनुवंशिक आजारांचे कितीतरी रुग्ण 'यकृताला सूज' या शिक्क्यानं महिनोन्‌महिने पोटाच्या डॉक्टरांकडे फिरतात. काहींच्या यकृताचा तुकडासुद्धा काढला जातो.

रिपोर्ट पाहून उत्तर आलं : "लिव्हर वाढलंय. तेलकट बंद. तीन दिवसांनी परत दाखवा."

८ तास आधी : संध्याकाळी ५

चुलतीनं शेजारच्या गावातला कावीळ उतरवणारा सुचवला. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेलं, मुळी चावायला दिली, परत आणलं. सकाळी दहानंतर त्यानं एकदाही लघवी केलेली नाही, हे घरात कुणी मोजलं नव्हतं.

४ तास आधी : रात्री ९

तालुक्याचं खासगी हॉस्पिटल. रात्रपाळीची डॉक्टर मुलगी नुकतीच पास झालेली. तिनं मांडी दाबली तर तो ओरडला. नळी घातली तर चाळीस मिली काळी लघवी आली. "पळाला होतास? किती वेळ?" तिनं विचारलं. इतक्या तासांत 'किती वेळ' हे शब्द पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आले. तिनं सलाईन जोरात सोडलं, सीपीके पाठवलं. नॉर्मल साधारण दोनशेच्या आत. याचा आकडा पहिल्या फेरीत यंत्राच्या आवाक्याबाहेर गेला, रक्त पातळ करून पुन्हा मोजलं तेव्हा १,८६,००० आला. पोटॅशियम रात्री होत नव्हतं. तिनं सोलापूरला फोन लावला आणि रुग्णवाहिका मागवली. ईसीजीचं यंत्र होतं, त्यातला कागद संपला होता.

२० मिनिटं आधी : रात्री १२.४०

सोलापूर, अतिदक्षता विभाग. मॉनिटरवर टी-लाटा उंच आणि टोकदार, पी-लाटा गायब. सिस्टर कॅल्शियम ग्लुकोनेट सिरिंजमध्ये ओढत होती. रक्तवायूच्या यंत्रानं पोटॅशियम ८.४ दाखवलं. पाचच्या वर गेलं तरी डॉक्टर दुसऱ्यांदा पाहतात.

शून्य : रात्री १

लाटा रुंदावल्या, एकमेकींत मिसळल्या. नाडी लागेना.

नंतर

छातीवर दाब, दोनदा कॅल्शियम, इन्शुलिनबरोबर ग्लुकोज, सोडाबायकार्ब. सातव्या मिनिटाला नाडी आली. पहाटे डायलिसिस लागलं आणि तीन आठवडे चाललं. मांडीचा आतला दाब इतका वाढला की एका बाजूचं आवरण शस्त्रक्रियेनं चिरावं लागलं. मूत्रपिंडं पूर्ववत झाली. अशा रुग्णांत ती बहुधा होतात, पहिले दिवस निभावले तर.

इथं बऱ्याच केसेस बंद होतात. डिस्चार्ज कार्डावर 'अतिश्रमामुळे रॅब्डोमायोलिसिस', म्हणजे स्नायू फुटणं, असं लिहितात, 'जास्त पळू नका' म्हणतात, घरी पाठवतात. हे निदान नव्हे. त्या रात्री आठ पोरं पळाली. सात जण दुसऱ्या दिवशी दांडियाला गेले.

मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी त्याला बसवून सहलीचा किल्ला आणि श्रावणी सोमवार बाहेर काढला. दोनपेक्षा जास्त वेळा झालंय का, सवयीच्या व्यायामानं झालंय का, उपास किंवा ताप होता का, कुठलं औषध चालू होतं का, घरात कुणाला होतं का. विदर्भातला किंवा नंदुरबारकडचा मुलगा असता तर सिकलसेलचीही तपासणी त्यांनी सांगितली असती. तिचा वाहकसुद्धा अतिश्रमात असा कोसळू शकतो.

तीन महिन्यांनी सीपीके १४०. घरचे म्हणाले, बरा झाला. डॉक्टरांना हा आकडा उलट खुणेसारखा वाटला. मॅकआर्डल आजारात दोन झटक्यांच्या मधेही सीपीके चढलेलंच राहतं. सीपीटी-२ मध्ये ते साफ उतरतं, स्नायूचा तुकडा काढून पाहिला तर तोही बहुधा नॉर्मल दिसतो. उपयोगी पडते ती रक्तातली अ‍ॅसिलकार्निटिनची तपासणी : आत न शिरलेली लांब साखळीची आम्लं कार्निटिनला चिकटलेल्या अवस्थेत सापडतात. पण ग्लुकोज चढवलं, पोटभर जेवण झालं, की हा पुरावा पुसट होतो. त्या रात्री सोलापुरात ग्लुकोज सुरू होण्याआधी घेतलेल्या रक्तातली एक नळी फ्रीजरमध्ये ठेवली असती तर हे महिने वाचले असते. अतिदक्षता विभागात हे सहज करता येण्यासारखं आहे आणि जवळजवळ कुठंच केलं जात नाही.

आता रात्रभराच्या उपासानंतर सकाळी रक्त घेतलं. लांब साखळ्या वाढलेल्या आल्या. मग जनुक-तपासणी : सीपीटी-२ जनुकाच्या दोन्ही प्रतींत ११३व्या जागी सेरीनऐवजी ल्युसीन. प्रौढांच्या या आजारात जगभर सर्वाधिक आढळणारा बदल तो हाच. १९७० मध्ये डब्ल्यू. किंग एंजल आणि सहकाऱ्यांनी अठरा वर्षांच्या जुळ्या बहिणींत चरबीच्या वापरात काही बिघाड असावा, असा संशय मांडला होता; १९७३ मध्ये दिमॉरो आणि दिमॉरो यांनी स्नायूतलं एन्झाइम मोजून कमतरता दाखवली. आज तेच उत्तर एका नळीभर रक्तातून मिळतं. मुंबईचं केईएम रुग्णालय केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरणातलं उत्कृष्टता केंद्र आहे. पण तिथवर पोचायला कुणीतरी आधी चिठ्ठी लिहावी लागते.

उपचार नीरस वाटेल इतका साधा. उपाशी राहायचं नाही. जेवणात पिष्टमय पदार्थ जास्त, चरबी कमी. श्रमाआधी आणि श्रम चालू असताना खायचं. ताप आला की अंथरूण धरायचं. खिशात कार्ड : 'स्नायू दुखून लघवी काळी झाल्यास किंवा उलट्या होऊन अन्न टिकत नसल्यास दहा टक्के डेक्स्ट्रोज ताबडतोब सुरू करा; सीपीके, पोटॅशियम, ईसीजी करा; दुखण्याची सुई देऊ नका.' शस्त्रक्रियेआधी रात्रभर उपाशी ठेवायचं झालं तरी ग्लुकोजची सलाईन चालू हवी. भरतीचं स्वप्न सोडून तो आता तालुक्याच्या एका सायबर कॅफेत फॉर्म भरून देतो, आणि त्याबद्दल विचारलेलं त्याला आवडत नाही.

आई-वडील नात्यातले, आई वडिलांच्या मामाची मुलगी. दोघंही वाहक, दोघांनाही त्रास शून्य. प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. थोरल्या बहिणीचं रक्त तपासलं तर तिच्याही दोन्ही प्रती बदललेल्या. "वारीला गेले तेव्हा एकादशीनंतर माझे पाय असेच धरले होते," ती म्हणाली. पुरुषांच्या मानानं बायकांमध्ये हा आजार पुष्कळ कमी वेळा ओळखला जातो. बाईचे पाय दुखणं ही आपल्याकडे तक्रार धरलीच जात नाही.

ती सहा महिन्यांची गरोदर आहे आणि तिचा नवरा आत्याचा मुलगा. त्याचं रक्त आता तपासायला गेलंय. तोही वाहक निघाला तर बाळाला आजार असण्याची शक्यता निम्मी, आणि मग जन्मल्या दिवसापासून त्याला दोन दुधांच्या मधे किती तास जाऊ द्यायचे हे ठरवून ठेवावं लागेल. प्रसूतिगृहासाठीची चिठ्ठी तयार आहे : कळा सुरू झाल्यापासून ग्लुकोज चालू ठेवावं, उपाशी ठेवू नये.